वाचकांचे प्रश्न : न्यू हेवनमध्ये पिझ्झा कोणत्या दुकानात खावा?

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन येथील येल विद्यापीठात संशोधन करते. येत्या उन्हाळ्यात मी आणि माझे यजमान काही दिवस तिच्याकडे राहायला जाणार आहोत. त्या शहरातील पिझ्झा फार नावाजलेला आहे असे ती सांगते. परंतु तिच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांमध्ये ‘पेपे’, ‘सॅलीज’ आणि ‘मॉडर्न’ या दुकानांवरून कायमचे तट पडलेले आहेत आणि प्रत्येक जण आपलेच दुकान श्रेष्ठ असल्याचे सांगतो. आम्ही मालवणचे असल्यामुळे यजमानांना मासे आणि शिंपले प्रिय आहेत. मला मात्र साधे जेवण आवडते. या दुकानांची तुलना कशी करावी, आणि एकाच ठिकाणी जाणे जमले तर कोठे जावे?
– एक वाचक भगिनी, मालवण

उत्तर : एकाच दुकानात जाणे जमणार असेल, तर यजमानांची आवड लक्षात घेता पेपेकडे जावे. दुसरी संध्याकाळ मिळाली, तर सॅलीजमध्ये जाऊन आपल्या आवडीचा, केवळ टोमॅटोचा पिझ्झा मागवावा. मुलीच्या मित्रमैत्रिणींचा मोठा घोळका बरोबर असेल आणि प्रत्येकाची आवड वेगळी असेल, तर मॉडर्न अधिक सोयीचे पडेल. हे मत मी ठामपणे मांडतो आहे. तरीही त्यामागची कारणे आपण समजून घेतलीत, तर तेथे गेल्यावर स्वतःचे मत बनवणे आपल्याला सोपे जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

न्यू हेवन हे न्यूयॉर्क आणि बोस्टन यांच्या दरम्यान समुद्रकाठी वसलेले, आकाराने बेताचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील कारखान्यांत, विशेषतः कुलपे आणि लोखंडी सामान तयार करणाऱ्या सार्जंट कंपनीत, काम मिळवण्यासाठी दक्षिण इटलीतून, त्यातही अमाल्फीच्या किनाऱ्यावरील गावांतून, अनेक कुटुंबे आली आणि वूस्टर चौकाच्या आसपास स्थायिक झाली. त्या किनाऱ्यावरील माइओरी या गावातून आलेले फ्रँक पेपे यांनी 1925 मध्ये वूस्टर स्ट्रीटवर आपले दुकान सुरू केले. त्यांचे नात्याने भाचे लागणारे साल्वातोरे कॉन्सिल्यो यांनी 1938 मध्ये त्याच रस्त्यावर, चालत दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर, सॅलीज सुरू केले. मॉडर्न हे दुकान 1934 मधले असून ते वूस्टर स्ट्रीटपासून थोडे दूर, स्टेट स्ट्रीटवर आहे. आपल्या मुलीचे सहकारी ज्या वादात रमलेले आहेत, तो वाद त्या शहरातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि बऱ्याच अंशी तो एकाच कुटुंबाच्या दोन शाखांमधला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातली उत्कटता समजते. या पिझ्झ्याचा तेथील लोकांना किती अभिमान आहे याचे एक उदाहरण असे की, याच परिसरात वाढलेल्या आणि या भागाच्या लोकप्रतिनिधी असलेल्या रोझा डिलॉरो यांनी 2024 मध्ये न्यू हेवन ही देशाची पिझ्झा-राजधानी असल्याचे निवेदन अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजात नोंदवले.

आता तुलनेकडे वळतो. या दुकानांविषयी वाद घालणारे बहुतेक लोक एका दुकानातील शिंपल्यांचा पिझ्झा, दुसऱ्यातील टोमॅटोचा पिझ्झा आणि तिसऱ्यातील मांस-भाज्यांनी भरलेला पिझ्झा असे तीन निरनिराळे पदार्थ एकमेकांसमोर ठेवतात, आणि त्यामुळे त्यांच्या बोलण्यातून दुकानांविषयी फारसे काही कळत नाही. खरी तुलना करायची असेल, तर प्रत्येक ठिकाणी सर्वांत लहान आकाराचा, सर्वांत साधा पिझ्झा मागवला पाहिजे. येथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. न्यू हेवनमध्ये साधा पिझ्झा म्हणजे टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल आणि वरून किसलेले पेकोरिनो रोमानो हे खारट, कडक चीज एवढेच. वितळून तार सुटणारे मोझरेला तेथे वेगळा घटक मानले जाते आणि ते सांगून घालून घ्यावे लागते. फलकावर ‘अपिझा’ असे लिहिलेले दिसेल, जुने लोक त्याचा उच्चार ‘अबीट्स’ असा करतात, आणि मोझरेलाला ‘मूट्झ’ म्हणतात. मागणी नोंदवताना हे शब्द कानावर पडले, तर गोंधळून जाऊ नये.

मोझरेला नसलेल्या पिझ्झ्यात लपायला जागा नसते. पीठ नीट आंबलेले नसेल, टोमॅटो आंबट किंवा कच्चट असतील, भट्टी पुरेशी तापलेली नसेल, तर पहिल्याच घासाला ते समजते. पिझ्झा समोर आला की एक तुकडा उचलून प्रथम त्याची खालची बाजू पाहावी. तेथे सर्वत्र सारखा तपकिरी रंग नसून फिकट, सोनेरी आणि काळे असे ठिपके विखुरलेले असले पाहिजेत आणि तुकडा हातात धरल्यावर फार लोंबता कामा नये. मग कड मोडून पाहावी. आतून पोकळ्या असलेली, बाहेरून कुरकुरीत आणि चावताना किंचित चिवट लागणारी कड हे दीर्घकाळ थंड जागी आंबवलेल्या पिठाचे लक्षण होय. टोमॅटोची चव घेताना तो शिजवून आटवलेल्या सॉससारखा लागतो की ताज्या फळासारखा, याकडे लक्ष द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक तुकडा दहा मिनिटे ताटात तसाच ठेवून नंतर खावा. गरम असताना बहुतेक सर्व पिझ्झे चांगले लागतात. दुकानांमधला फरक पिझ्झा कोमट झाल्यावर उघडा पडतो.

या कसोटीवर पेपे आणि सॅलीज एका बाजूला आणि मॉडर्न दुसऱ्या बाजूला पडतात, आणि त्याचे मुख्य कारण इंधन आहे. पहिल्या दोन दुकानांतील विटांच्या मोठ्या भट्ट्या कोळशावर चालतात, तर मॉडर्नची विटांची भट्टी तेलावर चालते. लाकूड किंवा गॅस जळताना पाण्याची वाफ बऱ्याच प्रमाणात तयार होते. अँथ्रासाइट जातीचा कडक कोळसा जळताना ती फारच कमी होते. त्यामुळे कोळशाच्या भट्टीतील उष्णता कोरडी असते, आणि सुमारे 600 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापलेल्या विटांवर ओलसर पिठाचा पातळ थर टेकला, की त्यातले पाणी झपाट्याने निघून जाऊन तळ कडक होतो. नेपल्समधील पिझ्झा याहून कितीतरी अधिक तापमानाला जेमतेम दीड मिनिटात भाजला जातो आणि म्हणून मधोमध मऊ, घडी घालता येईल असा राहतो. न्यू हेवनचा पिझ्झा तुलनेने कमी तापमानाला काही मिनिटे भाजला जातो, म्हणून तो कोरडा आणि कुरकुरीत होतो. त्याचा आकारही वाटोळा नसतो. लांबट, वेडावाकडा पिझ्झा कागद घातलेल्या पत्र्याच्या ताटात येतो आणि त्याचे तुकडेही लहानमोठे कापलेले असतात. ती त्या शहराची रीतच आहे.

पेपेचे पीठ मला थोडे अधिक चिवट आणि भरीव वाटते. म्हणून त्यावर वजनदार, रसदार घटक चांगले पेलतात, आणि तेथील शिंपल्यांचा पांढरा पिझ्झा एवढा यशस्वी का झाला याचे उत्तर यातच आहे. पूर्वी या दुकानात शिंपले फोडून कच्चेच, जेवणाआधी खायला देत असत. 1960 च्या दशकात ते पिझ्झ्यावर आले. त्यात टोमॅटो नसतो आणि मोझरेलाही नसते. पिठावर सोललेले लहान शिंपले, भरपूर लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल आणि किसलेले पेकोरिनो एवढेच घालतात. भट्टीत शिंपल्यांचा खारट रस सुटतो, तेलात मिसळतो, पिठात मुरतो आणि वरचे चीज त्याला धरून ठेवते. हे शिंपले जातीने आपल्याकडील तिसऱ्यांहून वेगळे आणि अधिक टणक असतात. तरीही तिसऱ्यांचे सुके खाऊन ज्यांची जीभ तयार झालेली आहे, त्यांना हा पिझ्झा ओळखीचा वाटेल, आणि चीज व समुद्रातील जिन्नस एकत्र कसे चालतील ही शंका पहिल्या घासाला दूर होईल असा माझा विश्वास आहे. यजमानांना एवढेच सांगावे की, यावर मोझरेला घालून घेऊ नये, कारण त्याखाली शिंपल्यांची चव दबून जाते. काही लोक तो डुकराच्या खारवलेल्या मांसासह मागवतात. तोही लोकप्रिय आहे, परंतु पहिल्या वेळी केवळ शिंपल्यांचाच घ्यावा.

सॅलीजचा पिझ्झा अधिक पातळ, अधिक ठिसूळ आणि अधिक भाजलेला असतो. तेथील टोमॅटोचा पिझ्झा हा माझ्या दृष्टीने त्या शहरातील सर्वांत उत्तम पदार्थ आहे. टोमॅटोचा गोडवा आणि आंबटपणा दोन्ही त्यात शिल्लक असतात, लसूण जाणवतो पण पुढे येत नाही, आणि कोमट झाल्यावरही तळ कडक राहतो. आपल्याला साधे खाणे आवडत असेल, तर आपली निवड बहुधा हीच ठरेल. बटाट्याच्या पातळ चकत्या आणि रोझमेरी घातलेला पांढरा पिझ्झाही तेथे चांगला मिळतो. कॉन्सिल्यो कुटुंबाने हे दुकान 2017 मध्ये नव्या मालकांच्या हाती सोपवले, आणि त्यानंतर चव बदलली की नाही यावर जुनी गिऱ्हाइके आजही हिरिरीने बोलतात. भट्टी तीच आहे, पद्धत तीच आहे, आणि मला तरी तेथील टोमॅटोच्या पिझ्झ्यात खोट काढण्यासारखे काही आढळत नाही.

मॉडर्नविषयी एक अन्याय नेहमी होतो, तो असा की कोळसा नाही म्हणून त्याला तिसऱ्या क्रमांकावर ढकलून दिले जाते. साध्या पिझ्झ्याच्या कसोटीवर ते तिसरे येते हे खरे. तेथील तळ किंचित मऊ असतो आणि धुरकट कडवटपणा कमी असतो. परंतु मोझरेला आणि चार-पाच घटक घातलेला भरगच्च पिझ्झा खायचा असेल, तर तो तेथे जितका समतोल भाजला जातो तितका इतर दोन्ही ठिकाणी मला वाटत नाही. ‘इटालियन बॉम्ब’ नावाचा, मांसाचे प्रकार आणि भाज्या यांनी भरलेला तेथील पिझ्झा विद्यार्थ्यांना विशेष प्रिय आहे. शिवाय वूस्टर स्ट्रीटवरची पर्यटकांची गर्दी तेथे तुलनेने कमी असते.

या तिघांपलीकडेही चांगली दुकाने आहेत. शेजारच्या वेस्ट हेवनमधील झुपार्डीज हे 1934 पासूनचे दुकान शिंपल्यांच्या पिझ्झ्यासाठी पेपेच्या तोडीचे मानणारे लोक पुष्कळ आहेत, आणि मुलीकडे गाडी असेल तर यजमानांसाठी तेथवर जाणे सार्थकी लागेल.

जेवणाच्या वेळेविषयी शेवटी सांगतो. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी वूस्टर स्ट्रीटवर लांब रांगा लागतात. त्याऐवजी आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी उशिरा जावे, आणि निघण्यापूर्वी दुकान त्या दिवशी उघडे असल्याची खात्री करून घ्यावी. पिझ्झा घरी बांधून नेऊ नये, हे मात्र मी आग्रहाने सांगतो. बंद खोक्यातल्या वाफेने तळ दहा मिनिटांत मऊ पडतो, आणि ज्या कुरकुरीतपणासाठी एवढ्या दूर जायचे, तोच नाहीसा होतो. आपण उन्हाळ्यात जात आहात, हे एक भाग्यच आहे. त्या ऋतूत पेपेकडे स्थानिक शेतांतील ताज्या टोमॅटोंचा पिझ्झा मिळतो, तो असल्यास आपण अवश्य घ्यावा. सोबत पिण्यासाठी ईस्ट हेवनमधील फॉक्सन पार्क या 1922 पासूनच्या कारखान्याचे सोडे मिळतात. त्यांपैकी बर्चच्या स्वादाचा पांढरा सोडा चाखून पाहण्यासारखा आहे.

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीसाठी न्यू हेवनला गेला आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि अंडेही खात नाही. वरून मांस न घातलेला पिझ्झा शाकाहारी समजून तो निर्धास्तपणे खाऊ शकतो का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : निर्धास्तपणे खाऊ शकत नाही, आणि ही गोष्ट तेथे जाणाऱ्या बहुतेक शाकाहारी मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून आपला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पिठात साधारणपणे मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच असते. अंड्याची भीती तेथे नाही. अडचण चीजची आहे. न्यू हेवनच्या साध्यातल्या साध्या पिझ्झ्यावरही पेकोरिनो रोमानो किसून घालतात, आणि अस्सल पेकोरिनो रोमानो मेंढीच्या दुधापासून तयार करताना ते दूध फाडण्यासाठी कोकराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. इटलीतील त्या चीजच्या नियमांतच ते नमूद केलेले आहे, त्यामुळे त्या नावाचे इटालियन चीज असेल तर ते शाकाहारी असण्याचा संभव नाही. परमेसान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अस्सल इटालियन चीजची गोष्टही तशीच आहे. त्यात वासराचे रेनेट असते. आपल्याकडे भारतात तयार होणाऱ्या चीजमध्ये बहुतांशी सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरतात आणि वेष्टनावर हिरवा ठिपका असतो, म्हणून चीज म्हणजे शाकाहारी असा आपला समज झालेला असतो. अमेरिकेत असा ठिपका नसतो.

मोझरेलाच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ बरी आहे. अमेरिकेत तयार होणाऱ्या मोझरेलात प्राण्यांचे रेनेट नसण्याचा संभव अधिक असतो, परंतु प्रत्येक दुकान कोणाचे चीज घेते हे विचारल्याशिवाय समजत नाही. चिरंजीवांनी दुकानात स्पष्ट विचारावे, आणि किसलेले कडक चीज वगळून टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल यांचा किंवा त्यावर मोझरेला आणि भाज्या घातलेला पिझ्झा मागवावा. अशी विनंती करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. दुधाचे पदार्थ मुळीच न खाणारी पुष्कळ माणसे तेथे रोज अशी मागणी करतात. चीज अजिबात न घातलेला टोमॅटोचा पिझ्झा हा त्या शहरातील परंपरेपासून फार दूरही नाही, आणि चांगल्या भट्टीतून आलेला असेल तर त्यात काही कमी पडल्यासारखे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरच्या आचारात किती महत्त्वाची आहे हे आपणच ठरवावे. शिंपले, सॉसेज आणि भाज्या या सर्वांचे पिझ्झे एकाच भट्टीत, त्याच विटांवर भाजले जातात आणि त्याच लांब दांड्याच्या फळ्यांवरून आतबाहेर केले जातात. वेगळी भट्टी या जुन्या दुकानांत मिळणार नाही. ज्यांना हे चालत असेल, त्यांच्यासाठी मी मॉडर्न सुचवीन, कारण भाज्या घातलेला पिझ्झा तेथे सर्वांत चांगला भाजला जातो. क्राउन स्ट्रीटवरील ‘बार’ नावाच्या ठिकाणी कुस्करलेल्या बटाट्याचा पांढरा पिझ्झा मिळतो. तो बहुधा डुकराच्या मांसासह घेतला जातो, परंतु त्याशिवायही मागवता येतो. बटाटा आणि लसूण यांची चव आपल्या मुलाला परकी वाटणार नाही. चीजविषयीचा प्रश्न मात्र तेथेही विचारलाच पाहिजे.

प्रश्न : गेल्या वर्षी कनेक्टिकटमध्ये असताना एका प्रसिद्ध दुकानात आमच्यासमोर आलेला पिझ्झा कडेने आणि खालून काळा पडलेला होता. आम्ही तो परत करावा असे म्हणालो, तेव्हा तो असाच असतो असे सांगण्यात आले. आम्हाला फसवले गेले काय? आणि असे करपलेले अन्न आरोग्याला बरे असते काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्याला फसवलेले नाही, परंतु आपल्याला आधी कल्पना दिली असती तर बरे झाले असते. न्यू हेवनच्या शैलीत कड आणि तळ यांवर काळे डाग असणे अपेक्षितच असते. निखाऱ्यावर फुगवलेल्या भाकरीवर जसे काळे डाग पडतात आणि त्यांनीच तिला चव येते, तसाच हा प्रकार आहे. पिठात हवेचे बुडबुडे असतात. त्यांचे पातळ पापुद्रे वर उचलले जातात, इतर भागाच्या आधी कोरडे होतात आणि लवकर काळे पडतात, तेव्हा शेजारचा भाग नुकता सोनेरी झालेला असतो. या डागांचा किंचित कडवटपणा टोमॅटोच्या गोडीला आणि चीजच्या खारटपणाला तोल देतो.

तरीही डाग असणे आणि करपणे यांत फरक आहे आणि तो गिऱ्हाइकाने ओळखला पाहिजे. काळा रंग ठिपक्याठिपक्यांनी असेल, बोट फिरवल्यावर त्याची फार काजळी हाताला लागत नसेल, आणि घास घेतल्यावर आधी गव्हाची व मग कडवटपणाची चव येत असेल, तर पिझ्झा नीट भाजलेला आहे. संपूर्ण तळ सलग काळा असेल आणि कडवटपणाशिवाय दुसरे काही लागत नसेल, तर तो जळलेला आहे, आणि दुकान कितीही जुने व नावाजलेले असले तरी तो परत करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कोळशाच्या भट्टीत सर्वत्र सारखे तापमान नसते. गर्दीच्या वेळी भट्टीजवळचा माणूस पिझ्झा फिरवायला क्षणभर विसरला, तरी असे होऊ शकते.

आरोग्याविषयी सांगायचे, तर पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला भाजले किंवा तळले म्हणजे त्यांत ॲक्रिलमाइड नावाचे द्रव्य तयार होते, आणि रंग जितका गडद तितके ते अधिक असते. ते शक्य तितके कमी पोटात जावे, असा सल्ला अन्नसुरक्षेचे तज्ज्ञ देतात. क्वचित खाल्लेल्या पिझ्झ्यामुळे घाबरून जाण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु लहान मुले बरोबर असतील किंवा आपल्याला कडवटपणा आवडत नसेल, तर मागणी देतानाच कमी भाजून द्या असे सांगावे. दुकाने ही विनंती मानतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. पेपे आणि सॅलीज यांच्या शाखा आता इतर ठिकाणीही निघाल्या आहेत. मग न्यू हेवनपर्यंत गाडी हाकण्याची गरज उरली आहे का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : पेपेने 2006 मध्ये फेअरफील्ड येथे पहिली शाखा काढली आणि त्यानंतर कनेक्टिकटबाहेरही त्यांच्या शाखा झाल्या, सॅलीजने 2021 मध्ये स्टॅमफर्डपासून सुरुवात केली. पेपेच्या शाखांत मूळ भट्टीच्या धर्तीवर बांधलेल्या कोळशाच्या भट्ट्या आहेत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे, आणि तेथील पिझ्झा चांगलाच असतो. परंतु अनेक दशके दररोज तापत आलेल्या भट्टीच्या विटा जी उष्णता धरून ठेवतात आणि त्या भट्टीसमोर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला तिचा कोणता कोपरा केव्हा तापतो याची जी जाण असते, ती नव्या जागी लगेच तयार होत नाही. एरवीच्या जेवणासाठी शाखा पुरेशी आहे. तुलना करायची असेल, तर मूळ ठिकाणीच जावे. न्यूयॉर्कहून रेल्वेने सुमारे दोन तासांत तेथे पोहोचता येते आणि स्थानकापासून वूस्टर स्ट्रीट चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

प्रश्न : आम्हाला अमेरिकेला जाणे शक्य नाही. घरच्या साध्या ओव्हनमध्ये या पद्धतीचा टोमॅटोचा पिझ्झा करता येईल का?
– एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : कोळशाच्या भट्टीची कोरडी उष्णता घरी मिळणार नाही, परंतु बऱ्याच अंशी जवळ जाता येते. 500 ग्रॅम मैदा, सुमारे 320 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि अगदी थोडे, म्हणजे पाव चमचा, कोरडे यीस्ट एवढेच घ्यावे. साखर किंवा दूध घालू नये. पीठ मळून झाकून फ्रीजमध्ये पूर्ण एक दिवस ठेवावे, कारण चव आणि पोकळ्या या सावकाश आंबण्यातूनच येतात. या पिठाचे दोन किंवा तीन पिझ्झे होतात. करण्यापूर्वी गोळे दोन तास बाहेर काढून ठेवावेत आणि लाटण्याने न लाटता हातांनीच ताणून पातळ करावेत; आकार वाकडातिकडा झाला तर होऊ द्यावा.

आपल्याकडचे टोमॅटो पाणीदार आणि आंबट असतात, म्हणून लालबुंद पिकलेले घेऊन, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून सोलावेत, हाताने कुस्करावेत आणि चाळणीत अर्धा तास निथळत ठेवावेत. ते आधी शिजवू नयेत. ओव्हन 250 अंश सेल्सिअसवर ठेवून आत जाड लोखंडी तवा उपडा घालावा आणि तो निदान पाऊण तास तापू द्यावा. या बाबतीत घाई केली, तर तळ पांढरा आणि मऊ राहतो. पिठावर टोमॅटोचा पातळ थर, बारीक चिरलेला लसूण, मीठ आणि ऑलिव्ह तेल घालून पिझ्झा तव्यावर सरकवावा आणि आठ-दहा मिनिटे, कडेवर काळसर डाग दिसेपर्यंत भाजावा. पेकोरिनोऐवजी हिरव्या ठिपक्याचे, खारट चवीचे कडक चीज मिळाले तर ते बाहेर काढल्यावर किसून घालावे, आणि पिझ्झा ताटात न ठेवता जाळीवर ठेवावा, म्हणजे खालून वाफ धरणार नाही.